परदेशातील पहिला आठवडा : एक भाषाव्यवहारविषयक विवेचन

विद्यापीठांमधील विनिमय-योजनांखाली आपल्याकडील विद्यार्थी एका सत्रापुरते किंवा एका वर्षापुरते परदेशी जातात, ही गोष्ट आता अपूर्वाईची राहिलेली नाही. इरावती कर्वे १९२८ साली संशोधनासाठी बर्लिनला गेल्या, तेव्हा असा प्रवास करणारी मराठी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. आज अशा विद्यार्थ्यांची निवड होते, त्यांना भाषेचे प्राथमिक शिक्षण मिळते, कागदपत्रांची जुळवाजुळव होते, आणि निरोपसमारंभही होतो. परंतु परत आल्यावर त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. अडचणींचा डोंगर सत्राच्या मध्यावर किंवा परीक्षेच्या वेळी उभा राहिला असे फार थोडे जण सांगतात. बहुतेकांना आठवतो तो पहिला आठवडा. त्या सात दिवसांत काहींनी मनाशी एक निष्कर्ष काढून टाकलेला असतो: ‘ही माणसे थंड आहेत’ किंवा ‘आपली भाषा कच्ची आहे’. यांपैकी कोणताही निष्कर्ष एकदा पक्का झाला, की पुढील चार महिने विद्यार्थी आपल्या खोलीत आणि आपल्या देशबांधवांच्या घोळक्यात काढतो. ज्या कारणासाठी त्याला पाठविले, ते कारणच त्यामुळे विफल होते.

हे दोन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे असतात, आणि ती चूक भाषाशास्त्राच्या साहाय्याने आधीच टाळता येण्यासारखी आहे, असे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे. विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच स्थळ डोळ्यांसमोर ठेवले आहे: जर्मनीतील हायडेलबर्ग. या निवडीस कारणे तीन. १३८६ साली स्थापन झालेले तेथील विद्यापीठ आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने आहे. आज जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा आरंभ १९२५ साली त्याच गावी झाला. आणि १९६२ साली तेथे स्थापन झालेल्या दक्षिण आशिया संस्थेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. खंडोबा व धनगर समाज यांच्या अभ्यासाने आपल्याला परिचित असलेले ग्युंटर झोंटहायमर तेथेच अध्यापन करीत होते. प्रस्तुत लेखकानेही सुमारे वीस वर्षांपूर्वी आपला पहिला आठवडा त्याच गावात काढला होता. त्या अनुभवाचा उपयोग मी आवश्यक तेवढाच करणार आहे.

१. पूर्वपीठिका

परक्या समाजात गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीचा अभ्यास गेल्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. स्वेर्रे लीसगार्ड यांनी अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियन व्यक्तींच्या मुलाखतींवरून १९५५ साली असे मांडले, की जुळवून घेण्याची क्रिया आरंभी सोपी, मध्यंतरी कठीण आणि अखेरीस पुन्हा सोपी होते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी ‘संस्कृतीचा धक्का’ ही संज्ञा रूढ केली. त्यांच्याही मते पहिला काळ हा जणू मधुचंद्राचा असतो. पुढे मात्र या कल्पनेस बाध आला. न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची आगमनाच्या पहिल्या चोवीस तासांत आणि पुढे वर्षभर ठरावीक अंतराने पाहणी करणारा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात अडचणी सर्वांत अधिक आढळल्या त्या अगदी आरंभी. आपल्या विद्यार्थ्यांच्या सांगण्याशी हा निष्कर्ष अधिक जुळतो.

प्रश्न असा, की आरंभीच एवढे काय अडते? विद्यार्थ्याला व्याकरण येत असते, दोन-अडीच हजार शब्द येत असतात. परीक्षेचे प्रमाणपत्रही त्याच्यापाशी असते. याचे उत्तर डेल हाइम्स यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या आणि १९७२ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध झालेल्या विचारात सापडते. चॉम्स्की यांनी ज्या भाषाक्षमतेचे वर्णन केले, ती शुद्ध वाक्ये घडविण्याची क्षमता होय. परंतु कोणते वाक्य कोणाशी, केव्हा, कोठे उच्चारावे आणि केव्हा मौन पाळावे, हे जाणण्याची क्षमता निराळी. तिला आपण संज्ञापनक्षमता म्हणू. पहिल्या क्षमतेतील उणीव ऐकणाऱ्यास तत्काळ कळते, आणि तो ती क्षम्य मानतो. दुसऱ्या क्षमतेतील उणीव मात्र भाषेची उणीव म्हणून ओळखूच येत नाही. ती स्वभावाची उणीव वाटते. परदेशी माणसाने चुकीचे लिंग वापरले तर ‘हा शिकतो आहे’ असे म्हणतात. त्याने चुकीच्या वेळी चुकीचा प्रश्न विचारला, तर ‘हा आगाऊ आहे’ असे म्हणतात. पहिल्या आठवड्यातील बहुतेक दुःख या दुसऱ्या वर्गात मोडते.

२. घड्याळ

आरंभ काळापासून करू. कारण पहिल्या आठवड्यात माणसाला काही ना काही ‘टेर्मीन’, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, पाळावीच लागते.

वसतिगृहाच्या खोलीची किल्ली घेण्यासाठी मला एका शुक्रवारी ‘हाल्ब फीअर’ वाजता येण्यास सांगण्यात आले. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा, ‘फीअर’ म्हणजे चार; हे दोन्ही शब्द मला ठाऊक होते. त्यांची बेरीज करून मी साडेचार वाजता पोहोचलो. किल्ली देणारे गृहस्थ तासभर आधी वाट पाहून निघून गेले होते, आणि कचेरी सोमवारी उघडणार होती. जर्मन भाषेत ‘हाल्ब फीअर’ म्हणजे साडेतीन. एका दयाळू सहाध्यायाच्या खोलीतील सतरंजीवर तीन रात्री काढताना, शब्दांचे अर्थ ठाऊक असणे आणि प्रयोगाचा अर्थ ठाऊक असणे यांतील अंतर मला पुरेसे उमगले.

परंतु खरा धडा पुढचा आहे. ही गणनापद्धती मराठी माणसाला परकी नाहीच. जर्मन भाषा चौथ्या तासाचा अर्धा भाग झाला असे म्हणते. म्हणजे ती येणाऱ्या पूर्णांकावरून मोजते. आपला ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यापासून प्राकृतामार्गे आला. त्याचा मूळ अर्थ ‘ज्यातील तिसरा अर्धा आहे असे’, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. ‘हाल्ब ड्राय’, शब्दशः ‘अर्धा तीन’, हा प्रयोग ‘अर्धतृतीय’ याच घडणीचा आहे, आणि त्याचा अर्थही अडीच हाच आहे. ‘दीड’ या शब्दामागे ‘द्व्यर्ध’ आहे. जर्मन भाषेत दीडला ‘आंडरटहाल्ब’ म्हणतात, आणि त्यातील ‘आंडर’ याचा जुना अर्थ ‘दुसरा’ असाच आहे. अडीचसाठी ‘ड्रिटहाल्ब’, म्हणजे ‘तिसरा अर्धा’, असा शब्दही जुन्या जर्मन भाषेत होता. संतवाङ्मयात देहाला ‘औट हात’ असे मोजमाप येते. तो ‘औट’ म्हणजे साडेतीन, आणि त्याचे मूळ ‘अर्धचतुर्थ’. मराठीत साडेतीनपासून पुढे ‘सार्ध’पासून आलेल्या ‘साडे’ने जुनी पद्धती मागे सारली, दीड आणि अडीच तेवढे उरले. जर्मन भाषेत ती पद्धती घड्याळापुरती अखंड टिकली. तेव्हा आपल्या विद्यार्थ्याने ‘हाल्ब’ ऐकताच ‘साडे’ आठवू नये, ‘अडीच’ आठवावे.

नैर्ऋत्य जर्मनीत आणखी एक पायरी आहे. तेथे सव्वातीनला ‘फिअर्टल फीअर’, म्हणजे ‘पाव चार’, आणि पावणेचारला ‘ड्राय-फिअर्टल फीअर’, म्हणजे ‘पाऊण चार’, असेही म्हणतात. यांपैकी दुसरा प्रयोग मराठी कानास लगेच पटतो. कारण आपण पावणेचार म्हणताना चाराकडेच पाहत असतो. पहिला मात्र हटकून फसवितो, कारण आपला ‘सव्वा’ मागच्या तासावरून मोजतो.

घड्याळाच्या प्रकरणातील शेवटची गुंतागुंत विद्यापीठाचीच आहे. व्याख्यानाच्या वेळेपुढे ‘सी. टी.’ ही लॅटिन आद्याक्षरे असली, तर दहाचे व्याख्यान सव्वादहाला सुरू होते, ‘एस. टी.’ असली, तर ते दहालाच सुरू होते. यास ‘शैक्षणिक पाव तास’ म्हणतात. नवखा विद्यार्थी दहाला जाऊन रिकाम्या दालनात बसतो आणि आपण चुकीच्या इमारतीत आलो असे समजून निघून जातो. याउलट कोणी हा पाव तास प्राध्यापकांच्या वैयक्तिक भेटीसही लावला, तर त्याच्याविषयी पहिल्याच दिवशी प्रतिकूल मत होते. सवलत संस्थेच्या वेळापत्रकाची आहे, व्यक्तीच्या वेळेची नव्हे.

३. कचेरी

जर्मनीत राहावयास आलेल्या प्रत्येकाने घरात प्रवेश केल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरी कचेरीत आपला पत्ता नोंदविला पाहिजे, असा कायदा आहे. या नोंदणीसाठी घरमालकाचे किंवा वसतिगृहाचे लेखी प्रमाणपत्र लागते. बँकेतील खाते, निवासाचा परवाना इत्यादी पुढील गोष्टींना बहुधा या नोंदणीचा कागद हवा असतो. म्हणून पहिल्या आठवड्याचा कणाच ही कचेरी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे पहिला प्रश्न नावाचा. मराठी नाव त्रिपदी: स्वतःचे, वडिलांचे अथवा पतीचे, आणि आडनाव. जर्मन नमुन्यात रकाने दोनच: ‘फोरनामे’, म्हणजे पुढचे नाव, आणि ‘नाखनामे’, म्हणजे मागचे नाव. आपल्या पारपत्रात स्वतःचे आणि वडिलांचे नाव बहुधा एकाच रकान्यात येते. त्यामुळे जर्मन कागदांवर वडिलांचे नाव हे त्या व्यक्तीचेच दुसरे नाव ठरते. एखादी विद्यार्थिनी कागदोपत्री अचानक ‘माधव’ही होते. हे हास्यास्पद वाटले, तरी उपाय एकच आहे: पारपत्रावर जसे आहे तसेच सर्वत्र लिहावे. एका कागदावर मधले नाव गाळले आणि दुसऱ्यावर ठेवले, म्हणजे कचेरीच्या दृष्टीने त्या दोन व्यक्ती होतात.

दुसरा प्रश्न होकाराचा. खिडकीपलीकडील बाई विचारतात, “तुमच्यापाशी प्रमाणपत्र नाही?” ते नसेल तर मराठी मनुष्य म्हणतो, “हो, नाही.” आपला ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या विधानाला संमती देतो. जर्मन भाषेतील ‘नाइन’ वस्तुस्थितीला अनुसरून येतो: नसेल तर ‘नाइन’. आणि असेल तर? तेव्हा ‘या’ म्हणून चालत नाही. नकारात्मक प्रश्नाचे खंडन करण्यासाठी ‘डोख’ हा स्वतंत्र शब्द आहे. आपण “आहे की!” किंवा “आहे ना!” असे म्हणतो, त्यातील ‘की’चे किंवा ‘ना’चे बळ या एका अव्ययात एकवटलेले आहे. व्याकरणाच्या पुस्तकात ‘डोख’ला चार ओळी मिळतात, कचेरीत त्यावाचून प्रमाणपत्र खिशात असूनही माणूस परत पाठविला जातो. त्यातच आपण संमती दर्शविताना मान किंचित तिरपी हलवितो, आणि पाहणाऱ्यास ती नकाराची वाटते. शब्द एक सांगतो आणि मान दुसरे सांगते, असे समोरच्याला भासते.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ सालच्या व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली, असे दाखवून दिले की पुष्कळशी वाक्ये वर्णन करीत नाहीत, कृती करतात. नोंदणी, शपथ, करार, वचन ही सर्व उच्चाराने अथवा सहीने घडणारी कृत्ये होत. कचेरीतील ‘हो’ हा असाच कृतिरूप शब्द आहे. न समजलेल्या वाक्यास सौजन्याने ‘हो’ म्हणण्याची आपली सवय तेथे सौजन्य ठरत नाही; ती संमती ठरते. “मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?” हे वाक्य विद्यार्थ्याने विमानात बसण्यापूर्वी शंभर वेळा घोकलेले असावे.

४. संबोधन

रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील द्वितीय पुरुषी सर्वनामांची चिकित्सा करताना दोन तत्त्वे सांगितली. त्यांना आपण सत्ता आणि सख्य अशी नावे देऊ. ‘तू’ हे एकवचन कनिष्ठास किंवा आप्तास. आदरार्थी रूप वरिष्ठास किंवा परक्यास. मराठी वाचकास हे नवीन नाही. अरे-तुरे आणि अहो-जाहो यांचा विवेक आपण बालपणीच शिकतो. जर्मन भाषेत ‘डू’ आणि ‘झी’ अशी जोडी आहे. आई आणि ईश्वर या दोघांनाही मराठी माणूस ‘तू’ म्हणतो, आणि जर्मन मनुष्यही ‘डू’ म्हणतो. त्यामुळे इंग्रजीच्या एका सर्वनामावर वाढलेल्या विद्यार्थ्यापेक्षा आपला विद्यार्थी येथे अधिक सज्ज असावयास हवा.

तरी तो दोन ठिकाणी अडखळतो. पहिले असे, की मराठीत वयाचे मोल अधिक आहे. पाच-सात वर्षांनी मोठ्या असलेल्या सहाध्यायास एकेरीत हाक मारणे त्याला जड जाते. जर्मन विद्यार्थीही एकेकाळी परस्परांना ‘झी’ म्हणत. १९६८ च्या विद्यार्थी-चळवळीनंतर त्यांच्यात ‘डू’ सार्वत्रिक झाले. आज विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास ‘झी’ म्हटले, तर तो आदर न वाटता दुरावा वाटतो. म्हणजे आपण अदब म्हणून जे करतो, त्याचे वाचन ‘याला आमच्यात मिसळावयाचे नाही’ असे होते. अध्यापकांशी मात्र ‘झी’च, आणि ‘डू’वर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीने करावयाचा असतो.

दुसरे अडखळणे अधिक सूक्ष्म आहे. मराठीत आदर केवळ समोरच्याला मिळत नाही. अनुपस्थित व्यक्तीलाही मिळतो. “सर आले, ते म्हणाले” असे आपण बोलतो. जर्मन भाषेत तृतीय पुरुषात आदरार्थी रूप नाही. प्राध्यापकही ‘एर’, म्हणजे ‘तो’. आपल्या गुरूविषयी पहिल्यांदा ‘एर’ म्हणताना जीभ अडते, आणि सहाध्यायी तसे म्हणताना ऐकून ते उद्धट वाटतात. वस्तुतः तेथे उद्धटपणाचा प्रश्नच नाही. जे भेद त्यांच्या भाषेने केलेलेच नाहीत, ते न पाळल्याचा दोष त्यांच्यावर ठेवता येणार नाही. आदर व्यक्त करण्याची त्यांची साधने निराळी आहेत. व्याख्यान संपताच सारे विद्यार्थी बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. नवख्यास हा निषेध वाटतो, पण ती दाद असते.

५. आतिथ्य

पहिल्या आठवड्यात कोणी तरी घरी बोलावतेच. येथे होणारा घोटाळा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण ‘ही माणसे थंड आहेत’ हा निष्कर्ष बहुधा येथेच जन्मतो.

आपल्याकडे पाहुण्याने प्रथम “नको, नको” म्हणावयाचे, यजमानाने आग्रह करावयाचा, पाहुण्याने पुन्हा अनमान करावयाचा, आणि तिसऱ्या खेपेस पान वाढावयाचे, हा दोघांनाही पाठ असलेला संवाद आहे. त्यातील ‘नको’ नकारार्थी नसून ‘आणखी एकदा विचारा’ अशा अर्थाचे आहे. जर्मन यजमान ‘नको’ म्हणजे नको असे समजतो, आणि पुन्हा विचारीत नाही. पुन्हा विचारणे म्हणजे पाहुण्याच्या शब्दावर अविश्वास दाखविणे, असे त्याला वाटते. यात भर पडते ती एका शब्दाची. काही वाढू का, असे विचारले असता नुसते ‘डांके’, म्हणजे ‘आभार’, असे म्हटले, तर त्याचा अर्थ तेथे बहुधा ‘आभारी आहे, नको’ असा होतो. होकार द्यावयाचा तर ‘या, बिट्टे’ किंवा ‘गेर्ने’ म्हणावे लागते. आपला विद्यार्थी कृतज्ञतेने दोनदा ‘डांके’ म्हणतो, पाहतो तर भांडे पुढे गेलेले. उपाशी घरी येतो आणि लिहितो, की येथील माणसे आग्रह करीत नाहीत. यजमानही आपल्या परीने म्हणत असतो, की पाहुण्याला आपले अन्न रुचले नाही. दोघेही सज्जन, दोघेही सभ्य, आणि दोघेही खिन्न.

सायंकाळच्या निमंत्रणाविषयीही एक सूचना. ‘आबेंटब्रोट’ या शब्दाचा अर्थ ‘संध्याकाळची पाव-भाकरी’; आणि ते खरोखरच पाव, लोणी, चीज असे थंड खाणे असू शकते. परंपरेने शिजविलेले गरम जेवण दुपारचे असते. थंड खाणे म्हणजे उपेक्षा, असे समजण्याचे कारण नाही.

निरोप घेतानाही भाषा आड येते. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणे आपण अशुभ मानतो आणि ‘येतो’ म्हणतो. कोणी हाक मारली, तर जागेवरून उठण्यापूर्वीच भूतकाळात ‘आलो’ म्हणतो. हे दोन्ही प्रयोग शब्दशः जर्मन भाषेत नेले, तर पहिल्याने ऐकणारा गोंधळतो आणि दुसऱ्याने दारात कोणी दिसत नाही म्हणून आश्चर्य करतो.

मालिनोव्स्की यांनी १९२३ सालच्या प्रसिद्ध निबंधात दाखविले, की पुष्कळसे बोलणे माहितीसाठी नसून केवळ सहवास जोडण्यासाठी असते. “जेवण झालं का?” आणि “काय, कुठे निघालात?” हे आपले असेच प्रश्न, उत्तराची कोणालाही गरज नसते. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यास जर्मन भाषेत ‘कुठे निघालात?’ असे विचारले, तर ती चौकशी होते. त्यांच्यापाशी याच कामासाठी दुसरी साधने आहेत: हवेविषयी चार शब्द, दुपारच्या सुमारास कार्यालयांतून ऐकू येणारा ‘माल्त्साइट’, म्हणजे शब्दशः ‘जेवणवेळ’, आणि दुकानात शिरताना व निघताना न चुकता केलेले अभिवादन. दुकानदारास काही न बोलता वस्तू उचलणे आपल्याकडे स्वाभाविक. तेथे तो तुसडेपणा ठरतो. म्हणजे ‘थंड’ कोण, हे कोणत्या बाजूने पाहतो यावर अवलंबून राहते.

६. मराठीचे पाठबळ

आतापर्यंत अडचणींचे वर्णन झाले. परंतु विद्यार्थी आपल्याबरोबर एक संपत्तीही नेत असतो, आणि ती त्याला दाखवून दिली पाहिजे.

उच्चारांत पाहू. जर्मन ‘त्सेन’, म्हणजे दहा, यातील आद्य व्यंजन ‘चमचा’, ‘चाक’ यांतील दंत्य ‘च’ आहे. ‘च्यूस’, म्हणजे निरोपाचा शब्द, यातील ‘चार’ मधील तालव्य ‘च’. मराठीत हे दोन्ही नांदतात. प्रमाण हिंदीत तालव्य तेवढाच आहे. अवघड जातात ते गोलाकार ओठांचे पुढचे स्वर आणि ‘इश’ मधील घर्षक.

लिंगांत पाहू. मराठीप्रमाणे जर्मन भाषेतही तीन लिंगे आहेत. पुस्तक, घर, पाणी ही दोन्हींत नपुंसक. मात्र ‘तीन आहेत’ याचा अर्थ ‘तीच आहेत’ असा नव्हे: सूर्य तेथे स्त्रीलिंगी, आणि हायडेलबर्गमधून वाहणारी नेकार नदी पुल्लिंगी. नदीला ‘तो’ म्हणण्यास मराठी मन सहजी तयार होत नाही. तरी निर्जीव वस्तूलाही लिंग असते, हे ज्याला नव्याने पटवून द्यावे लागत नाही, त्याचा अर्धा मार्ग संपलेला असतो.

संख्यांत पाहू. एकवीस म्हणताना आपण एकक आधी उच्चारतो. जर्मन भाषाही ‘एक-आणि-वीस’ म्हणते. दूरध्वनीचा क्रमांक उतरून घेताना इंग्रजी वळणाचा विद्यार्थी अंक उलटे लिहितो. मराठीतून पाढे म्हटलेला लिहीत नाही. येथे एक खंतही नोंदवावीशी वाटते. २०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन सुचविले गेले आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जर्मनीतही असाच आग्रह धरणारे लोक आहेत. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. परंतु आज अनेक विद्यार्थी मराठीतील एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांपाशी थबकतात, आणि म्हणून आपल्याच भाषेने त्यांना दिलेला लाभ त्यांच्या हाती राहत नाही, हे खरे आहे.

बोलीचेही तसेच. हायडेलबर्गच्या बाजारात ऐकू येणारी भाषा वर्गातील जर्मन नव्हे. कुरफाल्झ प्रदेशाच्या बोलीत ‘इश’चा उच्चारही पालटतो आणि शब्दांची टोके गळतात. “दोन वर्षे शिकून मला एक वाक्य कळले नाही,” असे म्हणून विद्यार्थी खचतो. पण पुस्तकावरून मराठी शिकून अकोल्याच्या किंवा मालवणच्या बाजारात उतरलेल्या परदेशी माणसाचे काय होईल, याची कल्पना आपणास सहज करता येते. त्या माणसाला आपण “तुला मराठी येत नाही” असे म्हणणार नाही. तीच उदारता विद्यार्थ्याने स्वतःविषयी दाखवावी.

७. उपसंहार

यावर एक आक्षेप संभवतो. आता विद्यापीठांतून इंग्रजीवर काम भागते. मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर असे, की इंग्रजीवर वर्ग भागतो, आठवडा भागत नाही. कचेरी, जिना, दुकान, जेवणाचे टेबल ही स्थळे वर्गाबाहेर आहेत. शिवाय इंग्रजी बोलणारा जर्मन यजमानही आग्रह जर्मन रीतीनेच करतो, म्हणजे करीतच नाही. शब्द बदलले, तरी संकेत बदलत नाहीत.

तेव्हा आपल्या विभागापुढे तीन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहिली, प्रस्थानापूर्वीच्या वर्गात व्याकरणाच्या उजळणीतील काही तास काढून प्रसंगांची तालीम द्यावी: किल्ली घेणे, पत्ता नोंदविणे, वाढलेले स्वीकारणे व नाकारणे, न समजल्याचे सांगणे. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच शिधा घ्यावा; रिकाम्या बाटल्यांवर अनामत रक्कम परत मिळते, म्हणून त्या फेकू नयेत, अशा लहान गोष्टीही याच तालमीत याव्यात. दुसरी, जाणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या सात दिवसांत ‘मी काय म्हणालो, त्यांनी काय ऐकले’ अशा दोन रकान्यांची टिपणवही ठेवावी आणि परतल्यावर ती विभागास द्यावी. पाच-सहा वर्षांत मराठी-जर्मन भाषाव्यवहाराची अशी सामग्री जमेल, की तीवर प्रबंध होऊ शकेल. तिसरी, हीच वही उलट दिशेनेही उघडावी. आपल्याकडे मराठी शिकण्यास येणारे परदेशी विद्यार्थी पहिल्या आठवड्यात काय भोगतात, हे आपण क्वचितच विचारतो. “येतो” म्हणून निघून गेलेल्या माणसाची ते किती वेळ वाट पाहत बसले, आणि तीनदा ‘नको’ म्हणूनही ताटात पुरणपोळी कशी पडली, हे त्यांच्याकडून ऐकले, म्हणजे आपल्या बोलण्यातील जे संकेत आपल्याला निसर्गनियम वाटतात, ते संकेतच आहेत हे ध्यानी येईल.

पहिला आठवडा कोणालाही टळत नाही, आणि तो संपूर्ण सुखाचा व्हावा अशी अपेक्षाही नाही. त्या सात दिवसांत झालेल्या चुकांचे कारण विद्यार्थ्याने स्वतःच्या किंवा परक्यांच्या स्वभावात न शोधता भाषाव्यवहारात शोधावे, एवढी तयारी त्याला येथूनच देता आली, तरी पुढील चार महिने त्याच्या खोलीचे दार उघडे राहील.